स्थिर दिसणारे चक्र



बियाणे आणि पोलाद ही जालना जिल्ह्याची ओळख होय. रोलिंग मिलमध्ये पोलादाची सळई होते, गावोगावी पिठाच्या गिरण्या चालतात. या साऱ्यांचा प्राण फिरत्या चक्रात आहे. पट्ट्याची घसर किंवा आसाचा हेलकावा बंद यंत्रात दिसत नाही आणि चालत्या यंत्रात डोळा ठरत नाही. ही अडचण स्ट्रोबोस्कोप दूर करतो.

बेल्जियमचे प्लाटो व ऑस्ट्रियाचे श्टांपफर यांनी १८३२ च्या सुमारास स्वतंत्रपणे या तत्त्वाची उपकरणे घडविली. पुढे १९३० नंतर अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या लखलखाटावर चालणारे उपकरण यंत्रांच्या अभ्यासासाठी विकसित केले. त्याची रीत सोपी आहे. चक्रावर खडूची एक खूण करावी. खूण प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी आली असतानाच प्रकाश चमकला, तर ती स्थिर भासते. तेव्हा मिनिटातील चमकांची संख्या हाच चक्राचा वेग. मात्र निम्म्या किंवा एकतृतीयांश चमकांनीही खूण स्थिरच दिसते. म्हणून चमका वाढवीत जावे. एकच खूण स्थिर दिसेल असा सर्वांत मोठा आकडा खरा मानावा. दुप्पट चमकांना समोरासमोर दोन खुणा दिसतात, ही त्याची पडताळणी. खूण ही यंत्र पूर्ण थांबवूनच करावी.

जे मापनात साधन, तेच गाफीलपणात संकट ठरते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळा मंद-प्रखर होते. मिनिटास १५०० फेरे घेणारे चार आऱ्यांचे चक्र तिच्या प्रकाशात थांबल्यासारखे भासू शकते. त्यावर विसंबून कामगाराने हात पुढे केला, तर तो हात गमावण्याचा प्रसंग येतो. म्हणून यंत्रशाळेतील दिवे तीन फेजवर विभागून लावावेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांस कुंपण आवश्यक ठरविले होते. ते स्ट्रोबोस्कोपने पाहणी करतानाही पाळावे.

शाळेत शिक्षकांनी पंख्याच्या पात्यांवरून हे तत्त्व समजावावे, ग्रामपंचायत सदस्यांनी गावच्या गिरणीतील पट्ट्यावर जाळी आहे किंवा नाही हे पाहावे. चक्र थांबले की नाही हे डोळ्याने ठरवू नये. वीज तोडून, ते पूर्ण थांबल्याची खात्री करूनच हात लावावा.