फोटोंची गोधडी, धुवायची गोधडी

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात महिला मंडळाच्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पंचवीस वर्षांत या सभागृहात मी एकदाच उभी राहून बोलले आहे, तेही टँकरच्या बिलावरून. त्यामुळे आज कोणी घाबरू नये.

मंडळाने सांगितलं, ‘तुमची ती फोटोंची गोधडी कशी केलीत ते सांगा.’ गोधडी मी बरोबर आणली आहे. पहिल्या रांगेपासून मागे फिरवते. लांबून बघू नका, हाताळा, चुरगळा. आजवर शंभरएक वेळा तरी ती धुतली आहे, त्यामुळे तुमच्या हातांनी तिला काही होणार नाही. आणि मला आज सांगायचंय ते नेमकं हेच. फोटो कापडावर उतरवणं फारसं अवघड नाही. तो धुण्यात टिकवणं अवघड. आणि जी धुता येत नाही ती गोधडीच नव्हे, ती शोकेसमधली वस्तू.

आता हा उद्योग मी का केला ते सांगते. आमच्या सासूबाई, तुम्ही बहुतेक सगळ्या त्यांना ओळखत होतात, शेवटची चार वर्षं विसरायला लागल्या होत्या. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायच्या, मग गॅस बंद केला का ते, मग माणसं. मला कधी सूनबाई म्हणायच्या, कधी ताई. अल्बम दाखवला की पानं उलटायचा कंटाळा करायच्या. पण हात सारखे पांघरुणावर फिरायचे. शिवण चाचपायच्या, काठ ओढायच्या. तेव्हा माझ्या मनात आलं की अल्बम त्यांच्या हातात टिकत नाही, पांघरूण टिकतं. मग फोटोच पांघरुणावर का नसावेत?

लेकाचा प्रिंटर घरात होता. पांढरं कापड कागदाला चिकटवलं, घातलं आत, आणि काय सांगू, मामंजी सायकल धरून उभे असलेला फोटो हुबेहूब उतरला! मला आभाळ ठेंगणं झालं. आठवडाभरात गोधडी शिवली. सासूबाईंनी मामंजींच्या फोटोवर हात ठेवला आणि त्या झोपल्या.

पण अशा आजारपणात पांघरूण वरचेवर ओलं होतं. सगळ्या घरांत होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चौथ्या दिवशी गोधडी भिजवली, आणि बादलीतलं पाणी निळं-गुलाबी झालं. वाळल्यावर बघते तो मामंजींचा चेहरा शर्टात उतरलेला. सासूबाईंनी निरखून पाहिलं आणि मला विचारलं, “ह्यांना काय झालं?”

मला उत्तर सुचलं नाही. गोधडी उचलून कपाटात टाकली. रात्री स्वयंपाकघरात बसून रडले. देवदयेने एक शहाणपण आधीच केलं होतं. मूळ फोटो स्कॅन करून ठेवले होते. म्हणून पहिला नियम लिहून घ्या. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी ३०० डीपीआयवर स्कॅन करा, दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि मगच पुढचा उद्योग.

आता चूक कुठे झाली ते सांगते. चूक शाईत होती. घरच्या प्रिंटरमध्ये दोन प्रकारच्या शाया असतात. एक डाय, दुसरी पिगमेंट. साखर पाण्यात विरघळते तशी डाय शाई विरघळलेली असते. पुन्हा पाणी लागलं की पुन्हा सुटते. पिगमेंट म्हणजे गेरूसारखी, पण अतिशय बारीक पूड. ती पाण्यात विरघळत नाही, पाणी उडून गेलं की धाग्यात अडकून बसते. गंमत अशी की बऱ्याच घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट असते आणि बाकीचे तीन रंग डाय. म्हणून अक्षरं टिकतात आणि चेहरा वाहून जातो.

ओळखायचं कसं? साध्या कागदावर चारही रंगांचे ठिपके छापा, तासभर वाळू द्या आणि वर पाण्याचा थेंब सोडा. जो रंग पसरला तो कापडावर वापरू नका. मीठ घाला, व्हिनेगर घाला, असं मलाही पुष्कळ जणींनी सांगितलं. मी दोन्ही करून पाहिलं, डाय शाई काही थांबली नाही. शेवटी चारही रंग पिगमेंटचे असलेला प्रिंटर घेतला. भिशीचा नंबर लागला होता, त्यातून.

लेझर प्रिंटरच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात प्लास्टिकची पूड वितळवून चिकटवतात, आणि आतले रूळ तापलेले असतात. स्टिकर लावलेलं कापड त्यात घालणं धोक्याचं. कपांवर फोटो छापणाऱ्या दुकानाची पद्धत पॉलिस्टरवर चालते, सुती कापडावर नाही. इस्त्रीने चिकटवायचा ट्रान्स्फर पेपरही मिळतो, पण त्याचा पापुद्रा वर राहतो. सुई अडते आणि घड्यांवर तडे जातात. अंगावर घ्यायला मऊपणा हवा, तो त्यात नाही.

आता कृती. कापड शंभर टक्के सुती, पांढरं, घट्ट विणीचं. पॉपलीन किंवा केंब्रिक चालतं. मलमल फार विरळ पडते. कापड आधी गरम पाण्यात धुवून त्याची खळ पूर्ण काढा, नाहीतर शाई खळीवर बसते आणि खळीबरोबर जाते. वाळवून कडक इस्त्री करा. ए-फोर आकाराचा अखंड स्टिकर पेपर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. कापड त्यावर एकही सुरकुती न ठेवता चिकटवा आणि कागदाच्या कडेबरोबर कापा. एकही दोरा लोंबता ठेवू नका, तो आत अडकतो. एक स्टिकर दोन-तीनदा वापरता येतो.

प्रिंटरला कागद मागून उभा घालायची सोय असेल तर तिथूनच घाला. खालच्या ट्रेमधून घातलं की कागदाला आत पूर्ण वळसा घ्यावा लागतो आणि कापड सुटतं. कापड शाई पिऊन घेतं, त्यामुळे चित्र मंद दिसतं. म्हणून फोटो संगणकावर थोडा उजळ आणि ठसठशीत करून घ्या. मी फोटो १६ बाय २२ सेंटिमीटर ठेवते, म्हणजे चारही बाजूंनी शिवणीला दोन सेंटिमीटरहून जास्त कापड राहतं.

छापल्यावर घाई करायची नाही. एक दिवस तसंच ठेवा. मग स्टिकर सोडवा, वर साधं कापड टाकून वाफेशिवाय इस्त्री फिरवा. नंतर थंड पाण्यात, सौम्य साबणाचे दोन थेंब घालून, सपाट बुडवून काढा. पिळायचं नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. ही परीक्षा सुटा तुकडा असतानाच घ्यायची, गोधडी शिवल्यावर नाही. मी नेमकं उलट केलं होतं.

शिवताना आत कापूस नको. तो धुण्यात गोळा होतो आणि वाळतही नाही. जुन्या सुती साड्यांचे तीन थर पुरतात. सुई बारीक घ्या, जाड सुईने छपाईत पांढरी भोकं दिसतात. धावदोरा चेहऱ्यावरून न्यायचा नाही, खांद्याच्या, सायकलच्या कडेकडेने न्यायचा.

मधेच एक अडचण आली, ती मात्र शाईची नव्हती. माझ्या नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, दादांचा फोटो पांघरुणावर? पाय लागतील की!” मला हे सुचलंच नव्हतं. आपल्याकडे साधं पुस्तक पायाला लागलं तरी आपण हात जोडतो. मग मांडणी बदलली. वरच्या दोन ओळींत माणसं, तिसऱ्या ओळीत गावचं घर, विहीर आणि ओटी. पायथ्याला फोटोच नाहीत, नुसत्या साड्यांच्या पट्ट्या. उशाकडची बाजू अंधारातही कळावी म्हणून तिकडे जाड लाल काठ लावला. तरी सासूबाई रात्री गोधडी फिरवून घ्यायच्याच. नणंदबाईंनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाल्या, “जाऊ दे. संसार त्यांचाच होता.”

ही दुसरी गोधडी सासूबाईंनी दोन वर्षं पांघरली. आठवड्यातून एकदा तरी धुवावी लागायची. थंड पाणी, पातळ साबण, फोटोंची बाजू आत, ब्लीच अजिबात नाही, आणि वाळवायची सावलीत. सावली आणि वारा दोन्ही फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. पण वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीवर कपडे वाळत घालायला बंदी होती. मी अर्ज केला, आणि कमिटीने एक दोरी मंजूर केली. एकाही सभासदाने त्यावर चकार शब्द काढला नाही. पाणीकपातीच्या दिवसांत समोरच्या वहिनी न सांगता दोन बादल्या दारात आणून ठेवायच्या. ओली गोधडी जड होते, दुसरं टोक धरायला वॉचमनदादा यायचे. आज सोसायटीचा इतिहास सांगताना लिफ्ट, पेव्हर ब्लॉक, सोलर सगळ्यांचा उल्लेख झाला. ती दोरीही त्यात असावी, म्हणून सांगितलं.

सासूबाईंना शेवटी आमची कोणाचीच ओळख राहिली नाही. त्या फोटोने स्मृती परत आली असं मी सांगणार नाही, तसं होत नाही. पण हात सायकलवर जायचा आणि त्या शांत व्हायच्या. मला तेवढं पुरे होतं.

आता ती नातीकडे असते. रंग फिकट झालेत, नाही असं नाही. तुमच्या हातात आली की बघा, विहिरीचा हिरवा रंग पार उतरलाय. तिला म्हटलं, पुन्हा छापून देते, स्कॅन आहे. ती म्हणाली, “नको आज्जी, हीच मऊ झालीय.”

तुमच्या कपाटातही जुने अल्बम असतील, चिकटलेल्या पानांचे. आधी ते स्कॅन करा, एवढीच विनंती. गोधडी शिवा किंवा शिवू नका. ज्यांना शिवायची असेल त्यांनी शनिवारी दुपारी आमच्याकडे या, प्रिंटर चालू असतो. कापड मात्र धुवून आणा.

गोधडी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली असेल तर परत पाठवा, रात्री नातीला लागते.

– एक सभासद, बी विंग