नवेगावबांधला येताय? मग आधी हे ऐका

मी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधहून बोलतोय. मध्येच इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला तर समजून घ्या, लाइट गेलीय. कोंबडा मात्र शेजारच्यांचा आहे, त्याच्यावर माझा कंट्रोल नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नागपूरला बी.टेक. केलं, पुण्यातल्या कंपनीत लागलो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि परत गेलोच नाही. नोकरी तीच, पण घरून. घराच्या मागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यांना बाथरूम जोडले, कर्ज काढून, आणि होमस्टे सुरू केला. बाबांना हे अजिबात पटलं नव्हतं. "पावन्याले जेवाले घालून पैसे घ्याचे? लोक का म्हनतीन?" असं ते सहा महिने म्हणत होते. आता म्हणत नाहीत, पण पैसे द्यायची वेळ आली की उठून अंगणात जातात. अजूनही.

तर आज मला सांगायचंय ते हे, की इकडे यायचं तर कसं यायचं, कधी यायचं, काय बघायचं आणि काय नाही. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीच्या टिप्सला काही अर्थ नाही, म्हणून.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. "वाघ दिसेल का?" मी सरळ सांगतो, माहीत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला, वाघ आहेत, पण हे ताडोबा नाही. इथलं जंगल दाट आहे आणि वाघ लाजाळू. एका पाहुण्यांनी दोन सफाऱ्या करून मला दोन स्टार दिले, कारण काय तर 'वाघ दिसला नाही'. आता वाघाला मी काय सांगणार? नागझिऱ्याला जा, जरूर जा. आत वीज नाही, रात्री जो अंधार पडतो तो शहरातल्या माणसाने बहुतेक जन्मात पाहिलेला नसतो. पण वाघासाठीच येत असाल तर निराश व्हायची तयारी ठेवून या.

नवेगावला यावं ते तलावासाठी. लोकांना वाटतं हा निसर्गाने दिलेला तलाव आहे. नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने हा बांध घातला. टेकड्यांच्या मधली जागा हेरून पाळ टाकली आणि साधारण अकरा चौरस किलोमीटरचं पाणी अडवलं. तेव्हा ना सॅटेलाइट इमेज, ना सर्व्हेचं मशीन. भोवतीच्या सात टेकड्यांना आम्ही सातबहिणी म्हणतो. कोलू पाटलाचा पुढे लोकांनी देव केला, कोलासूर देव, त्याचं ठाणं टेकडीवर आहे. पाण्यात एक बेट आहे, मालडोंगरी. पाहुण्यांच्या मुलांना त्या बेटाचं फार आकर्षण असतं, पण पोहत जाऊ असं कुणी म्हणालं की मी विषय तिथेच बंद करतो. पाण्यात वेली आहेत, पाय गुंततो. गावातली पट्टीची पोहणारी माणसंसुद्धा तिकडे जात नाहीत.

आमच्या भंडारा-गोंदियात असे तलाव गावोगावी आहेत. त्यांना सरकारी कागदात मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मामाचा काही संबंध नाही. लहान असला की ती बोडी. या पाण्यावर धान होतो, आणि ढिवर समाजाची मासेमारी चालते. म्हणून पहाटे पाळीवर फिरायला गेलात आणि पाण्यात बांबू रोवलेले दिसले, तर ते फोटोसाठी लावलेले नाहीत. तिथे कुणाचं तरी जाळं आहे. डोंग्यात बसायची हौस असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी विचारून ठेवतो. काठावर उभं राहून "ओ भाऊ, एक चक्कर मारा ना" असं ओरडू नका. तो माणूस कामावर आहे. तुमच्या ऑफिसात येऊन कुणी म्हटलं, जरा खुर्चीवर बसू द्या, फोटो काढतो, तर?

कधी यायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून बदकं येतात, पट्टकादंब येतात, पहाटे पाण्यावर धुकं असतं. थंडी चांगलीच पडते, स्वेटर आणा. 'विदर्भात कसली थंडी' म्हणून टीशर्टवर आलेल्यांना आईने बाबांची शाल दिलेली आहे. मेमध्ये जनावरं पाणवठ्यावर दिसतात हे खरं, पण पारा पंचेचाळीसला जातो, आणि लहान मुलं असतील तर मी स्वतःच नको म्हणतो. येताना मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' मिळालं तर वाचून या. ते इथे वनाधिकारी होते, २०२५ मध्ये गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांना हे जंगल दाखवणारे इथले माधवराव पाटील डोंगरवार. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा आधी गावातलाच वाटाड्या लागला.

यायचा रस्ता सोपा आहे. नागपूरहून हायवेने साकोली, पुढे कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचं. रेल्वेने गोंदियाला उतरून पुढे गाडी करता येते. पेट्रोल हायवे सोडायच्या आधी भरा, खिशात थोडी रोकड ठेवा. जेवण मात्र आधी सांगावं लागतं, इथे ॲपवरून काही येत नाही. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगांची भाजी असते. पोपट म्हणजे पक्षी नाही हो, वालाचा प्रकार आहे, हा खुलासा मला दर आठवड्याला करावा लागतो. तलावातले झिंगे मिळाले तर झिंगे. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, आणि सात्या, म्हणजे रानात उगवणारे मशरूम. सात्या फार थोडे दिवस मिळतात. मिळाल्या की आई आधी आम्हाला वाढते आणि मग पाहुण्यांना. हे हॉस्पिटॅलिटीच्या नियमात बसत नाही, पण तिचा नियम आहे.

दिवाळीनंतर आलात तर मंडई बघा. गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं, झाडीपट्टीचं नाटक. वडसा हे त्याचं मुख्य ठिकाण, गडचिरोली जिल्ह्यातलं. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. सोबत चादर न्या, शेंगदाणे न्या. पुण्याचे एक काका 'एक तास बघून येतो' म्हणून गेले आणि सकाळी दूधवाल्याबरोबर परत आले.

गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. तिथले बरेच लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत जातात. तुम्ही नागपुरात कदाचित त्यांच्याकडूनच घेतलं असेल. मठात जाता येतं. म्हाताऱ्या आज्यांचे फोटो काढण्याआधी विचारा. जवळच इटियाडोह धरण आहे आणि प्रतापगड. प्रतापगडला महादेवाचं मंदिर आणि दर्गा दोन्ही आहेत, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या दिवशी मात्र कारने जायच्या भानगडीत पडू नका.

बरं. आता ती चूक.

पावसाळ्यात सफारी बंद असते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तीन महिने खोल्या रिकाम्या आणि बाथरूमच्या कर्जाचा हप्ता चालू. २०२३ च्या पावसाळ्यात मला एक आयडिया सुचली. माझं आजोळ गोंदिया तालुक्यात, वैनगंगेच्या बाजूला. त्या भागात सारस आहेत. सारस म्हणजे जवळजवळ माणसाएवढ्या उंचीचा क्रौंच, राखाडी अंग, लाल मान, जोडीने राहणारा. अख्ख्या महाराष्ट्रात मिळून पन्नासही नाहीत, आणि आहेत ते बहुतेक आमच्या जिल्ह्यात. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली होती, इतकी अवस्था नाजूक आहे. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांना लागून मरतात, कीटकनाशकांचा त्रास आहेच. आणि घरटं कुठे करतात? धानाच्या बांधीत, पाण्यात, गवताचा ढीग करून. ऐन पावसाळ्यात. म्हणजे माझ्या रिकाम्या सीझनमध्ये.

मामाच्या शेजारच्या काकांच्या बांधीत एक घरटं होतं, दोन अंडी. काकांनी रोवणी करताना तेवढी जागा सोडली होती. मी लिस्टिंगमध्ये लिहिलं, 'पावसाळी सारस दर्शन'. पहिल्या दोन वेळेला मी स्वतः पाहुण्यांना घेऊन गेलो. लांब धुऱ्यावर उभं राहून दुर्बिणीतून दहा मिनिटं बघायचं आणि परत. काही झालं नाही. तिसऱ्या वेळेला आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं, मला निघता येईना. मी व्हॉट्सॲपवर लोकेशनची पिन टाकली आणि लिहिलं, लांबूनच बघा.

ते लोक वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी लांबूनच पाहिलं, फोटो काढला, मला थँक यू पाठवलं. आणि आनंदाच्या भरात तो फोटो पिनसकट एका ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला मला माहीत नाही. रविवारी मामाच्या गावात तीन गाड्या आल्या. कुणीतरी ड्रोन उडवला.

संध्याकाळी मामाचा फोन आला. मामा माझ्यावर कधी चिडत नाही. म्हणाला, "भाचा, तू उद्या ये." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मीटिंग सोडून गेलो. धुऱ्यालगतचा धान तुडवलेला होता. जोडी लांब दुसऱ्याच शेतात उभी होती. एक अंडं कावळ्यांनी नेलं असं काका म्हणाले, दुसरं थंड पडलं होतं. मी काय काय बोललो, माफी मागितली, मला आता नीट आठवतही नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "तुमी पैसे घेतले ना त्याचे?"

घेतले होते. तीन पार्ट्यांचे मिळून तीन हजार दोनशे.

मी धानाच्या नुकसानीचे म्हणून पाच हजार पुढे केले. त्यांनी मोजले, बाराशे ठेवले, बाकीचे माझ्या हातात दिले. "धान बाराशेचाच गेला." मामा मध्ये पडला, ठेवा म्हणाला, तरी घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी लिस्टिंगमधून ती ओळ काढली. तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला गेलो, तर मुदत संपली होती. मी रोज कोड लिहितो, चूक झाली की जुनी आवृत्ती परत लावतो, दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. त्या पिनचं तसं काही करता येईना. पुढच्या वर्षीसुद्धा दोन माणसं ती पिन घेऊन काकांच्या शेतावर पोचली होती. बाबांना हे सगळं मामाकडून कळलं. मला वाटलं आता होमस्टे बंद कर म्हणतील. ते म्हणाले, "पैसे घेतेस तं राखन बी तुलेच करा लागन."

तर आता मी काय करतो. पावसाळ्यात खोल्या देतो, पण तलाव, पाऊस आणि आईच्या हातच्या सात्या एवढ्यावरच. घरटं दाखवत नाही, कितीही पैसे दिले तरी. सारस बघायचे तर हिवाळ्यात या. धान कापून झालेला असतो, पिल्लं असतील तर मोठी झालेली असतात, आणि कधीकधी रस्त्यावरून, गाडीत बसल्या बसल्या जोडी दिसते. काच खाली करा, इंजिन बंद करा, उतरू नका. दोघं मिळून मान वर करून ओरडतात ना, तो आवाज एवढा लांबवर जातो की जवळ जायची गरजच नसते. नाही दिसले तर नाही दिसले. फोटो टाका, पण लोकेशन बंद करून. फक्त जिल्ह्याचं नाव लिहा. गोंदिया जिल्हा बराच मोठा आहे.

हे सांगितल्यावर काही जण बुकिंग रद्द करतात. २०२४ च्या पावसाळ्यात दोन खोल्यांचा हप्ता मी पगारातून भरला. यंदा थोडं बरं आहे.

काकांच्या बांधीत ती जोडी परत आली नाही. मागच्या वर्षी मामाने फोनवर सांगितलं, दोघं दिसले म्हणून, एक पिल्लू घेऊन. कुठे, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एवढंच. येणार असाल तर दोन दिवस आधी फोन करा, शाकाहारी की मासे ते सांगा, टॉर्च आणा. आणि पैसे शक्यतो माझ्याकडे द्या, बाबांकडे नको. ते उठून अंगणात जातात.