‘शिक्षा’ या शब्दाचे दोन अर्थ

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



काही वर्षांपूर्वी स्टेशनवर एकटा सापडलेल्या एका मुलाशी बोलायला मला बोलावणं आलं. मी निवृत्त शिक्षिका, या कामातली तज्ज्ञ नव्हे. मुलगा वऱ्हाडाकडचा, हिंदी मोडकीतोडकी, आणि मराठी जाणणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. समोरच्या कागदावर त्याचा जबाब होता, ‘शिक्षा के डर से घर से भागा।’ वाचणाऱ्यानं अर्थ लावला होता की पोराला अभ्यासाचा कंटाळा आहे, समजूत घालून घरी पाठवावं. मी विचारलं, ‘‘कसली शिक्षा रे बाळा?’’ त्यानं काही न बोलता सदऱ्याची बाही वर केली.

हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीतली शिक्षा म्हणजे काय, हे भोपाळच्या मराठी माणसाला सांगायला नको. लिहिणाऱ्यानं शब्द बरोबर लिहिला होता, तरी मूल पुन्हा त्याच हाताखाली जाणार होतं. पुढे चौकशी झाली आणि तो आजीकडे राहिला. त्याचं नाव-गाव सांगत नाही. कायद्यानंही सांगता येत नाही.

कायदा चांगला आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलाचं म्हणणं ऐकायचं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानायचा, आणि त्याच्या हिताविरुद्ध नसेल तर त्याला कुटुंबात, त्याच्याच सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीत परत पोचवायचं, असं त्यात आहे. पण म्हणणं ऐकायचं तर ते आधी कळायला हवं.

आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं-सुना परदेशी आहेत. २०११ साली नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन मुलं सरकारी बालसंरक्षण खात्यानं ताब्यात घेतली. हातानं भरवणं, मुलाला आपल्याजवळ झोपवणं हेही दोष धरले गेले, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. प्रश्न नुसता संस्कृतीचा नाही, असं तिथल्या खात्याचं. २०१२ मध्ये मुलं काकांबरोबर भारतात आली आणि २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं ती आईकडे सोपवली. नॉर्वेतच एका सोमाली मुस्लिम आईचा मुलगा ख्रिस्ती कुटुंबात वाढला आणि त्यांनाच दत्तक दिला गेला. त्याचा आपल्या मुळांशी धागा राहावा, एवढंच ती मागत होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की तिच्या धर्माला आणि संस्कृतीला पुरेसं वजन दिलं गेलं नाही.

हे ऐकून आपण म्हणतो, ‘बघा, यांना आपली पद्धत कळत नाही.’ पण दुसरी बाजूही ऐका. लंडनमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आयव्हरी कोस्टहून आलेली आठ वर्षांची मुलगी छळानं मेली. अंगावर १२८ जखमा होत्या. सांभाळणाऱ्या बाईसमोर ती ताठ उभी राहायची. काम पाहणाऱ्यांना वाटलं, ‘त्यांच्यात वडीलधाऱ्यांचा धाक असतोच.’ ती भीती होती. २००३च्या चौकशी अहवालात हे सगळं आलं आहे. म्हणजे संस्कृती न कळल्यानं मूल तोडलं जातं, तसं संस्कृतीच्या नावाखाली मूल मारलंही जातं.

आता आपल्याकडे पाहू. भोपाळमध्ये पारधी वस्त्या आहेत. तिथली कितीतरी मुलं कचरा, भंगार वेचतात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. १८९७च्या दुरुस्तीनं तर त्यांची ४ ते १८ वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. मांडवामागे असं मूल दिसलं की आपण म्हणतो, ‘पळवून आणलं असेल,’ किंवा म्हणतो, ‘यांच्यात चालतंच.’ नॉर्वेनं आपल्याशी केलं म्हणून आपल्याला राग येतो, तेच पहिलं वाक्य करतं. लंडनमध्ये जे झालं, तेच दुसरं.

म्हणून मंडळाकडे एकच मागणं. आपल्यात मराठी, वऱ्हाडी, कोकणी बोलणारी मंडळी आहेत. दुभाषी म्हणून जाऊ शकतील अशांची यादी करून ती जिल्हा बाल संरक्षण एककाला देऊ या. पारधी बोली आपल्याला येत नाही. मग ती येणारी माणसं त्या वस्तीतूनच यादीत यावीत, असा आग्रह धरू या. संकटातलं मूल दिसलं तर १०९८ हा क्रमांक लावा. पण आधी त्याच्याशी दोन शब्द बोला, आणि कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणा. अंदाजानं अर्थ लावू नका.

आपल्या बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत. दहा दिवस त्याच्यापुढे आपण बोलतो, गातो, मागतो आणि तो ऐकतो. विसर्जनानंतर ते काम आपल्याकडे घेऊ या. यादीची वही कार्यालयात ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे.

गणपती बाप्पा मोरया!