वीज आणि प्रकाश यांमधील दुभाषी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



सुट्टीत घरी आले की मला एकच प्रश्न विचारला जातो : "डॉक्टरेट झाली, आता पुढे काय?" मी सांगते, संशोधन करते. त्यावर "म्हणजे अजून शिकतेच आहेस का?" असा उपप्रश्न येतो आणि आई चहाच्या निमित्ताने आत निघून जाते. चिटणीसांनी आज बोलावयास सांगितले, तेव्हा याचे उत्तर एकदा सर्वांसमक्षच द्यावे असे मी ठरविले.

आपली पाणचक्की सर्वांनी पाहिलेली आहे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणावयाचे, उंचावरून पात्यांवर सोडावयाचे आणि त्या जोराने जाते फिरवावयाचे. माझे कामही याच कुळातले. मात्र पाणचक्कीत थोडे पाणी सांडले तरी दळण होते. आमच्याकडे एक थेंब सांडला की सारेच गेले.

मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक मंडलांवर चालणारा सहा क्यूबिटांचा क्वांटम संस्कारक आहे. पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने त्याची संपूर्ण चाचणी २०२४ साली पार पडली. असे यंत्र निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवावे लागते. त्याची भाषा म्हणजे सेकंदाला सुमारे पाच अब्ज कंपने असणारे सूक्ष्मतरंग. ते थंड पेटीबाहेर आले की खोलीच्या नुसत्या उष्णतेच्या गोंगाटात बुडून जातात. काचेच्या तंतूंतून गावोगाव जाऊ शकतो तो प्रकाश. पण त्याची कंपने सुमारे चाळीस हजार पट. उद्या मुंबईचे यंत्र पुण्याच्या यंत्राशी जोडावयाचे झाले, तर मध्ये दुभाषी हवा. टेलिफोनचा आवाज क्षीण झाला तर वाढविता येतो. येथे तीही सोय नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झाले आहे.

हे दुभाष्याचे काम मी क्वांटम बिंदूकडून करवून घेऊ पाहते. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात रुतलेला इंडियम आर्सेनाइडचा हा कण मीटरच्या अब्जांशाच्या मापाने दहावीस भरेल. याच्याच भाईबंदांच्या शोधाबद्दल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या स्फटिकाला विजेचे कंपनात रूपांतर करण्याचा गुण अंगचाच आहे. म्हणून सूक्ष्मतरंग प्रथम त्याच्या पृष्ठभागावरील कंपनात उतरवावयाचा. ते कंपन बिंदूपाशी पोहोचले की बिंदू किंचित ताणला जातो आणि त्यावर पडलेल्या लेसरच्या परतणाऱ्या प्रकाशाच्या रंगात त्या कंपनाइतकाच फरक पडतो. निरोप प्रकाशात शिरला तो असा.

सांगावयास सोपे! गेल्या वर्षी पाच महिने खपून सिद्ध केलेला नमुना थंड करताना तडकला. दुसऱ्यात बिंदू उत्तम निघाला, पण नेमक्या जागी नव्हता. हे बिंदू आपल्या मर्जीने उगवतात, पेरलेल्या ओळीत नव्हे. फारच थोडे निरोप पलीकडे पोहोचतात, आणि ही माझी प्रगती लपविण्यात अर्थ नाही.

डॉक्टरेटनंतरची ही उमेदवारी करारावर चालते. माझे वय एकतीस, आणि करार संपावयास चौदा महिने आहेत. 'नोकरी' या रकान्यात माझ्यासाठी काय लिहावे, हे आपल्या वधूवर सूचक समितीलाही सुचले नाही! समितीला मी दोष देत नाही. पण अशा वर्षांतच प्रयोग उभे राहतात. केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले असून ते २०३०-३१ पर्यंत चालावयाचे आहे. त्याला हात कोठून मिळणार?

मला पदवीच्या तीन वर्षांत मंडळाच्या निधीतून पुस्तकांचे पैसे मिळाले. नंतर नियमाने दार बंद झाले. एम.एस्सी.च्या वेळी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले आणि ते मला दोन वर्षांनी समजले. मी दान मागत नाही. संशोधनाच्या विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्ज द्यावे, एवढी नियमदुरुस्ती सुचविणारा अर्ज मी चिटणीसांकडे दिला आहे. पदवीच्या वेळी घेतलेली रक्कम आज सकाळीच निधीत परत भरली. पावती आईकडे आहे.