तलावाची पाळ आणि बीजगणित

गोंदिया जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलाव हा कोहळी समाजाच्या कौशल्याचा वारसा होय. त्यांच्या पाळीची दुरुस्ती करताना भूमिती कशी उपयोगी पडते, ते पाहू.

पाळीचा माथा २ मीटर रुंद आहे आणि प्रत्येक बाजूचा उतार उंचीच्या दुप्पट पसरतो, असे समजा. उंची व पायाची रुंदी ही दोन अज्ञाते. परंतु उंची 'उ' मानल्यास पाया २ + ४उ होतो. एकच अज्ञात उरते. समलंब चौकोनाच्या सूत्राने छेदाचे क्षेत्रफळ २उ + २उ² येते. उंची ३ मीटर असता ते २४ चौरस मीटर, ४ मीटर असता ४०. उंची एक तृतीयांशाने वाढली, माती मात्र दोन तृतीयांशाने!

अंदाजपत्रक संमत करण्यापूर्वी सदस्यांनी एवढे पडताळावे. शिक्षकांनीही हे उदाहरण मुलांना पाळीवर नेऊन शिकवावे, ही विनंती.