घर मिळते, शेजार मिळत नाही



शहर कसे वाढते याचा पुरावा बंगळूरच्या बनशंकरीत वेगळा शोधावा लागत नाही. कनकपुरा रस्त्यावरचे देऊळ, त्याभोवती टप्प्याटप्प्याने पडलेले बंगळूर विकास प्राधिकरणाचे प्लॉट आणि 2017 पासून धावणारी मेट्रो. या वाढीने आपली सोय झाली, हे मी मान्य करतो. पण आज बोलायचे आहे ते या वाढीत ज्यांची घरे मोडली, त्यांच्या मनाबद्दल.

याच बंगळूरमध्ये कोरमंगलालगत एजिपुरा आहे. दुर्बल घटकांसाठी पालिकेने तिथे घरे बांधली होती. ती मोडकळीला आल्यावर लोक त्याच जागेवर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. पुढे खासगी विकासकाच्या भागीदारीत ती जागा नव्याने बांधायचे ठरले आणि जानेवारी 2013 मध्ये बुलडोझर आले. सुमारे दीड हजार कुटुंबे उघड्यावर पडली. मुलांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या. अनेक कुटुंबांनी कुंपणाच्या भिंतीलगत फूटपाथवरच ताडपत्री ताणून संसार मांडला. बायकांची धुण्याभांड्याची कामे कोरमंगलात होती. आई कामावर गेली की तान्ह्या मुलाकडे बघणारी शेजारीण त्याच गल्लीतली. लांब गेले की हे दोन्ही आधार एकदम सुटतात.

या दुःखाचा अभ्यास झालेला आहे. बॉस्टनमध्ये 1958च्या सुमारास वेस्ट एंड ही कष्टकऱ्यांची वस्ती पाडली गेली. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी तिथल्या रहिवाशांशी बोलून 1963 मध्ये निष्कर्ष मांडला: जवळचे माणूस गेल्यावर होतो तसाच हा शोक आहे आणि अनेकांच्या बाबतीत तो वर्ष-दोन वर्षांनंतरही ओसरला नव्हता. वस्तीशी ज्याचा घरोबा जास्त, त्याचा शोक अधिक.

त्याच जागी घर मिळाले तरी काहीतरी सुटतेच. मुंबईच्या बीडीडी चाळी आपल्या माहितीतल्या. पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या खोलीतून रहिवासी त्याच परिसरातल्या 500 चौरस फुटांच्या घरात जात आहेत. वरळीतल्या 556 घरांच्या चाव्या 2025च्या ऑगस्टमध्ये दिल्या गेल्या. घरातच स्वच्छतागृह आले, ही फार मोठी गोष्ट. तरीही सामाईक गॅलरी गेली. दार उघडे ठेवून बसणारी म्हातारी माणसे आता बंद दाराआड एकटी पडतील, ही काळजी आपण करायला हवी.

हा प्रश्न फक्त मनाचा नाही, पोटाचाही आहे. 1985च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. उपजीविका पत्त्याला बांधलेली असते आणि गरिबाच्या घरी ती शेजाऱ्यांच्या आधारावर चालते. म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. नवे घर ताब्यात दिल्याशिवाय जुने पाडू नये. शाळेचे वर्ष चालू असताना कुणाला हलवू नये. आणि घरवाटपाची सोडत काढताना एकेक कुटुंब वेगळे न धरता अख्खी गल्ली एकत्र धरावी, म्हणजे शेजारी शेजारीच राहतील. याला खर्च फारसा लागत नाही. लागते ती यादी करताना माणसांना विचारण्याची तयारी. तुमच्या प्रभागात पुढची योजना जाहीर होईल, तेव्हा पहिल्याच बैठकीत या तिन्ही गोष्टींबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या.