बदलीचा हुकूम आणि मागे राहणारे घर

सैनिकाच्या हाती बदलीचा हुकूम पडतो, तेव्हा त्यात नव्या ठाण्याचे नाव असते आणि हजर होण्याची तारीख असते. मागे राहणाऱ्या घराचे काय करावयाचे, याविषयी मात्र त्यात एक अक्षरही नसते. आपल्याकडे लष्करी अधिकारी बहुधा सरकारी निवासात राहतो. किल्ली परत केली, ट्रंका बांधल्या, की संसार पुढच्या छावणीकडे निघतो. अमेरिकेतील स्थिती निराळी आहे. नॉरफोक किंवा सॅन डिएगो यांसारख्या आरमारी शहरांत अनेक सैनिक तळाबाहेर स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ साली झालेल्या कायद्याने गृहकर्जाला सरकारी हमी मिळाली. पुढे ती सेवेतील सैनिकांनाही लाभली. घर घेणे अशा रीतीने सुलभ झाले. परंतु दोन-चार वर्षांनी बदली ठरलेलीच, आणि तेव्हा तेच घर थोड्या आठवड्यांत विकावे लागते.

अशा वेळी खरी अडचण किमतीची असते. विकणाऱ्याला घाई आहे, हे ज्याला कळते तो गिऱ्हाईक भाव पाडून मागतो. अडला हरी म्हणतात तो हाच. त्यातच मुलांच्या शाळा संपल्यावर, उन्हाळ्यात, बदल्यांची गर्दी उसळते आणि एकाच गल्लीत चार घरे विक्रीस निघतात. म्हणून जाणते कुटुंब अवाच्या सवा किंमत सांगून वाट पाहत बसत नाही. शेजारची घरे नुकतीच कितीला गेली हे पाहून पहिल्याच दिवशी वाजवी किंमत सांगते.

दुसरी अडचण सहीची. नवरा जहाजावर आणि खरेदीखत किनाऱ्यावर, असा प्रसंग नित्याचा आहे. यासाठी निघण्यापूर्वीच पत्नीच्या नावे त्याच घरापुरते मुखत्यारपत्र करून ठेवतात. ते कर्ज देणाऱ्या संस्थेला मान्य आहे की नाही, हेही आधीच विचारून घेणे शहाणपणाचे.

सरकारी हमीचे कर्ज मंजुरी घेऊन गिऱ्हाइकाच्या नावे करता येते. जुना व्याजदर कमी असेल, तर घराला मागणी वाढते. मात्र गिऱ्हाईक स्वतः पात्र सैनिक नसेल आणि आपला हक्क त्या कर्जास जोडीत नसेल, तर ते फिटेपर्यंत विकणाऱ्याचा हमीचा हक्क त्यात अडकून राहतो. जबाबदारीतून लेखी मोकळीक न घेता घर सोडणारा तर दुसऱ्याच्या कर्जाचे ओझे बरोबर नेतो.

घाई खरोखरच आवश्यक आहे काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. विक्रीच्या नफ्यावर करसवलत मिळण्यासाठी आधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे त्या घरात वास्तव्य झालेले असावे लागते. २००३ च्या कायद्याने दूरच्या ठाण्यावर गेलेल्या सैनिकासाठी ही पाच वर्षांची मोजणी दहा वर्षांपर्यंत स्थगित ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे भाव उतरला असता घर भाड्याने देऊन थांबता येते. २००८ च्या सुमारास किमती कोसळल्या, तेव्हा कित्येक घरांची किंमत त्यांवरील कर्जाहून खाली गेली. त्या वेळी बदली झालेल्या सैनिकांच्या नुकसानीचा काही भार उचलण्याची तात्पुरती तरतूद २००९ साली सरकारला करावी लागली.

हुकूम पाळणे हे सैनिकाचे कर्तव्य आहे, आणि तो नेमलेल्या दिवशी निघतोच. मागे राहून दिवाणखाना झाडणारी, अनोळखी माणसांना घर दाखविणारी आणि शेवटी सही करणारी बहुधा त्याची पत्नी असते. तिच्या हाती वेळेवर योग्य कागद असले, तर घर मातीमोलाने जात नाही.